चौथा ठोका

तिथे नका बसू साहेब, तो बाक डुगडुगतो — इकडे या, ही खुर्ची घ्या. हो हो, बाक मीच केलाय, म्हणून तर सांगतोय! अख्ख्या इस्पितळाच्या खुर्च्या, कपाटं, दारं दुरुस्त करता करता हा एक बाक राहूनच जातोय — आज करू, उद्या करू, तीन महिने झाले. बसा निवांत. मी आपला इथे खाली बसून ही पायरी घासतो, पॉलिश पेपरचा आवाज चालेल ना? लहान मुलांना मशीनच्या फळीवर चढायला लागते ही पायरी. काल एक मुलगा म्हणाला, पायाला लाकडाचा काटा लागला. त्याची आई म्हणाली, काही नाही हो, उगाच सांगतो. मी म्हटलं, बाई, ही मुलं उगाच काही सांगत नाहीत — आणि बोट फिरवून बघितलं तर खरंच होता, केसाएवढा. पन्नास वर्षं लाकडात हात घातलेल्या माणसाला नाही सापडला, आणि त्या सात वर्षांच्या पोराला मोज्यातून कळला! त्याच्या आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हा आवाज? त्याला घाबरू नका, खोटा आहे तो. मशीनही खोटंच आहे. म्हणजे खरं मशीन खाली तळघरात, चुंबकाचं, त्याच्या जवळपास माझा हातोडासुद्धा नेऊ देत नाहीत. हे वरचं आपलं प्लायवूड. ताईने सांगितलं नाही तुम्हाला? — आत बसलीये ना ती पोरगी, आवाजाच्या बटणाशी, तिला सगळे ताई म्हणतात, मीही म्हणतो, माझ्या मुलीहून लहान आहे. सांगितलं असेल तिने, तुमचंच लक्ष नसेल, आईबापांचं नसतंच त्या वेळी. खाली चाळीस मिनिटं न हलता पडायचं आणि कानाशी हा ठणठणाट. एकदम नेलं तर भलेभले घामाघूम होऊन बाहेर येतात, म्हणून आधी इथे सराव. बोगदा मी केला. पातळ प्लाय भिजवून भिजवून वाकवलं, दोनदा तडकलं, तिसऱ्यांदा बसलं. आत तोंडावर एक छोटा आरसा आहे, पडल्या पडल्या पायाकडचं दिसावं म्हणून. आणि या दाराच्या आतल्या बाजूला एक अधिकचं चिन्ह चिकटवलंय, काळं, वीतभर. आत पडलेल्याने आरशातून त्या चिन्हाकडे बघत राहायचं. बाकी काही करायचं नाही. सोपं वाटतं ना? तुम्ही पाच मिनिटं करून बघा, मग सांगा. आणि धातूचं काही आत न्यायचं नाही, खोट्या मशीनमध्येसुद्धा नाही, तोही सरावच. म्हणून तर मुलीचं घड्याळ तुमच्या हातात आलंय. छान आहे हो. सेकंदकाटा केवढा मोठा! रोज स्वतः लावते म्हणता? बातम्यांच्या ठोक्यावर? मग जपून धरा, असं मुठीत दाबू नका. — आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत जाऊ नका, ते चालतं आपल्या मर्जीने. मी शिडी लावून काटे पुढे करतो, आठवड्यात परत मागे. बरं, मागेच पडतं, पुढे कधी जात नाही. त्यामुळे इथे सगळ्यांना वाटतं अजून वेळ आहे, आणि सगळे खूश.

तिला आत सोडताना तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलं. इथेच होतो ना मी. ‘पाच वाजता मी आत येईन’ — बरोबर? आणि तिने साधी मानसुद्धा हलवली नाही. घड्याळ काढून दिलं आणि गेली. तेच लागलंय ना तुम्हाला? चेहऱ्यावर दिसतंय. मग ताईला म्हणालात, अकरा वर्षं झाली, मी असलो काय नि नसलो काय, हिला काही फरक पडत नाही. तेही ऐकलं. माफ करा साहेब, कान तिखट आहेत माझे, करवतीच्या मशीनवर काम करून सगळ्या सुतारांचे जातात, माझे नाही गेले.

नाही, नाही, मी काही शहाणपणा शिकवत नाहीये. मी सुतार माणूस. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एवढं करून शोधायचंय काय, हे मीपण विचारलं होतं डॉक्टरीणबाईंना, बोगदा बांधत होतो तेव्हा. म्हटलं, बाई, मला सांध्याची भाषा कळते, या मुलांच्या डोक्यातला कुठला सांधा निखळलाय तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, निखळलेलं काही नाही हो मिस्त्री, बांधणी वेगळी आहे. म्हणजे घरच धरा. घरात शेजारच्या खोल्यांना मध्ये दारं असतात, आणि एक लांब व्हरांडा असतो, मागच्या खोलीतून थेट पुढे जायला. तर ऑटिझमवाल्यांच्या काही घरांत शेजारच्या खोल्यांना दारंच दारं, आणि लांबचा व्हरांडा चिंचोळा. काहींच्यात उलटं. काहींच्यात आणखी तिसरंच काहीतरी. शेकडो घरं मोजली की थोडाफार फरक दिसतो, एकट्याचं घर बघून काही सांगता येत नाही — आणि मोजणाऱ्यांचंही आपापसात अजून एकमत नाही म्हणे. मी म्हटलं, हे आमच्यासारखंच झालं, दोन सुतारांचं माप कधी जुळत नाही. खूप हसल्या.

पण मोजतात कसं, ते मला फार लागलं. माणूस नुसता पडलेला असतो ना, काही न करता, तरी त्याच्या डोक्याचे भाग आपले हळूहळू वर-खाली, वर-खाली होत असतात. त्यातले जे दोन भाग एका तालात चालतात, ते लांब लांब असले तरी जोडलेले आहेत असं धरायचं. तार काही दिसत नाही. ताल दिसतो. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने साथ दिली, म्हणजे जोडलेले. एवढंच. त्या दिवशी घरी गेलो तो जेवलो नाही मी. — का म्हणजे? असंच. चहा घेणार तुम्ही? खाली मिळतो, दोन जिने उतरून. नंतर? बरं, नंतर घ्या. बसा.

मला एक धाकटा भाऊ आहे. आहे म्हणजे आहे, गेलेला नाही. तुमच्या मुलीसारखा. आमच्या वेळी याला नाव नव्हतं — वेडा म्हणायचे, खुळा म्हणायचे, आईच्या तोंडावर म्हणायचे. गल्लीतली पोरं टकटक्या म्हणायची. का, ते सांगतो. खिळ्याला चार ठोके लागतात साहेब. पहिला हलका, खिळा उभा राहायला. दुसरा-तिसरा जोरात. चौथा बेताचा, डोकं लाकडात बसवायला. मला पहिल्यापासून खोड — तीनच मारायचे, डोकं जरासं वर ठेवायचं, आणि सगळे खिळे झाले की शेवटी ओळीने बसवत जायचं. वडील ओरडायचे, अर्धवट काम म्हणायचे, पण हात झपाझप चालतो तसा. दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, आणि धाकटा मागच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून. मी इकडे ठक-ठक-ठक, की तिकडून — टक. भिंतीवर, पत्र्याच्या पेटीवर, हाताशी असेल त्यावर, बोटाच्या पेराने. ठक-ठक-ठक, टक. दिवसभर. गल्लीला माझा हातोडा ऐकू येत नव्हता, सुताराचा हातोडा वाजायचाच, त्यांना ऐकू यायची ती त्याची टकटक. आणि मलाही तीच ऐकू यायची. बंद कर! बंद कर म्हणतो ना! — हे मी दिवसातून किती वेळा ओरडलो असेन, हिशेब नाही.

बोलायचा फार कमी. पंधरा-वीस शब्द, सगळे वस्तूंचे. खिळा, पेटी, बूट. माझं नाव कधी त्याच्या तोंडून आलं नाही. आई म्हणायची, अरे, त्याचा जीव आहे तुझ्यावर. मी म्हणायचो, जीव आहे तर वळून बघतो का कधी? मी असलो काय नि नसलो काय! — हो. हेच शब्द. म्हणून तर मघाशी माझा हात थांबला, तुम्ही ताईला म्हणालात तेव्हा.

आई होती तोवर निभावलं. ती गेली, मग मी, बायको, मुलगी आणि तो. मग मी त्याला संस्थेत ठेवलं. त्याच्या भल्यासाठीच. तिथे बाग आहे, त्याच्यासारखे आणखी चौदा जण आहेत, जेवणखाण वेळच्या वेळी. त्यालाही आवडलं. — आवडलं म्हणजे, मला काय माहीत आवडलं की नाही! सगळ्यांना असंच सांगत आलो, तुम्हालाही सांगून गेलो. खरं काय झालं... एक गिऱ्हाईक आलं होतं. मोठं काम, एका शाळेची सगळी बाकं. माझ्यासारख्या लहान सुताराला असं काम आयुष्यात एकदा मिळतं. पुढच्या खोलीत बसून बोलणं चाललंय, मी नमुना म्हणून एक जोड ठोकून दाखवला, आणि मागून टक. तो म्हणाला, हे काय? मी म्हटलं, काही नाही, उंदीर असेल. भावाला उंदीर म्हटलं मी. परत ठोकलं, परत टक. त्याने उठून मागे डोकावून बघितलं, आणि मग कळवतो म्हणाला, आणि कळवलं नाही. त्यामुळेच काम गेलं असं मी म्हणत नाही. दुसराही स्वस्तात मिळाला असेल कोणी. पण माझं डोकं फिरलं होतं. आत गेलो, हातात लाकडी पट्टी होती मापाची, ती त्याच्या पेरांवर मारली. एकदा नाही, तीनदा. तो ओरडला नाही. हातही मागे घेतला नाही. आणि तिसरा फटका बसल्यावर, साहेब, त्याने त्याच हाताने, पेटीवर — टक.

मला वाटलं, हा मला चिडवतोय. पुढच्याच महिन्यात मी कागदावर सही केली. बावीस वर्षं झाली त्याला. — जायचो ना भेटायला, दर महिन्याला. दोन-तीन महिन्यांनी म्हणा. खरं सांगायचं तर वर्षातून दोनदा. बायको म्हणायची जाऊन या, मग जायचो. तो बागेत बसलेला असायचा, मी शेजारी बसायचो, तो झाडाकडे बघायचा, मीही झाडाकडे बघायचो, अर्ध्या तासाने उठायचो. तिथे हातोडा नव्हता, त्यामुळे टकटकही नव्हती. मला वाटायचं, चला, सुधारला.

मग दोन वर्षांपूर्वी हे बोगद्याचं काम निघालं. डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहायच्या, बोलायच्या, आणि ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं, अरे, हे तर धाकट्याचंच चाललंय सगळं! त्यांना मोठ्या वयाची माणसं हवी होती. मुलं येतात, पन्नाशीची माणसं मिळत नाहीत, ती सगळी कुठे ना कुठे ठेवलेली असतात. मी म्हटलं, माझ्याकडे आहे एक. ‘माझ्याकडे’ म्हटलं बघा मी, जीभसुद्धा अडखळली नाही. आणला त्याला. बूट काढायला पंधरा मिनिटं, दारातून आत यायला वीस. फळीवर हात फिरवून बघितला त्याने, मी केलेल्या, कडेकडेने, आणि मग स्वतःच झोपला. आवाजाचा डबा आला नव्हता अजून. ताई म्हणाली, मिस्त्रीकाका, तुम्हीच ठोका बाहेरून, काहीतरी वाजू दे. मी लाकडी हातोडा घेतला आणि सवयीने — ठक-ठक-ठक. आतून — टक.

वीस वर्षांनी ऐकला तो आवाज! मी परत तीन मारले. आतून टक. माझं तोंड उघडलं होतं साहेब, ओरडायला, तीही सवयच ना. बंद कर म्हणणार, तेवढ्यात ताई हसली. म्हणाली, काका, तुमचं राहिलेलं काम आतून कुणीतरी पुरं करतंय. सहज म्हणाली ती. तिला काय माहीत! एकोणसाठ वर्षांचा होतो मी तेव्हा. हातोडा ठेवला आणि त्या दाराशी खालीच बसलो. चौथा ठोका होता हो तो. लहानपणापासून तो माझे खिळे बसवत होता. मी तीन मारून सोडायचो, आणि मागच्या खोलीतून तो चौथा घालायचा, एकही न चुकवता. आता त्याला अर्धवट काम सहन होत नव्हतं, की मला मदत करत होता, की खेळत होता माझ्याशी, हे कोण सांगणार? पण ताल एक होता ना? लांबच्या दोन खोल्या, मध्ये भिंत, तरी एकाने सुरू केलं आणि दुसऱ्याने पुरं केलं. डॉक्टरीणबाई तेच तर मोजतात. मग आम्ही दोघं काय होतो? जोडलेलेच होतो ना? त्याच्या बाजूने तरी होतो. माझ्याकडचं दार मीच लावून घेतलेलं होतं.

पाणी घ्या, तिथे ठेवलंय. मला नको. — तर मग खालचं मशीन. मला शेजारी बसू दिलं, त्याच्या घोट्यावर हात ठेवून. माझ्या मनात काय होतं सांगू? हसाल तुम्ही. मला वाटत होतं, फोटोत दिसेल. त्याच्या डोक्यात माझ्यापर्यंत येणारी एखादी रेघ दिसेल, बारीक का होईना. आणि त्या लाकडी पट्टीचं काय झालं तेही दिसेल, अजून आहे का पुसलं गेलं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, असलं काही दिसत नसतं हो मिस्त्री. कळत होतं मला. तरी. मशीन सुरू झालं, आणि ते मेलं मशीन ठोकतं कसं — ठक-ठक-ठक, आणि थांबतं! माझ्या हाताखाली त्याचा पाय ताठ झाला, आणि बोट मांडीवर — टक. मशीनला चौथा! चाळीस मिनिटं तो त्या मशीनचं काम पुरं करत होता. मी त्याचा पाय दाबून नको म्हणू शकलो असतो. नाही म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हणणार? डोकं किती हललं असेल — दोन मिलिमीटर. माझ्या कामात दोन मिलिमीटर म्हणजे दार घासतं. त्यांच्या कामात सगळा फोटो वाया. पडद्यावर त्याच्या नंबरापुढे लाल अक्षरात आलं — हालचाल, वगळले. बाई बिचाऱ्या माझी माफी मागत होत्या. मी म्हटलं, असू द्या हो, वगळलं जायची सवय आहे त्याला.

संध्याकाळी परत सोडायला गेलो. फाटकाशी गाडीतून उतरेचना. बूट घातलेले, पिशवी मांडीवर घट्ट. त्याला वाटलं होतं, आता घरी. ‘घर’ म्हणाला. एकदाच. तो शब्द त्याच्याकडे होता हे मला माहीतही नव्हतं. गाडीवाला कटकट करत होता, मलाही उशीर होत होता, मी म्हटलं, ‘रविवारी येतो, मग घरी जाऊ.’ — आपण म्हणतो ना हो असं! येतो, बघू, आलोच, दोन मिनिटांत आलो. तुम्ही म्हणता, मी म्हणतो, ऐकणाराही कानाआड करतो, चालतं सगळं. तो लगेच उतरला. वळूनही न बघता आत गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, विसरला.

रविवारी मी गेलो नाही. इथे होतो मी, याच खोलीत. असाच बोगदा आणखी एका इस्पितळाला हवा होता, सोमवारी न्यायचा होता. त्याच्यासारख्यांसाठीच फळ्या कापत बसलो होतो मी त्या रविवारी! दुपारी तिथल्या मावशींचा फोन — अहो, तुमचा भाऊ सकाळी सातपासून फाटकाशी बसलाय, बूट घालून, पिशवी घेऊन, जेवायला उठत नाहीये. मी म्हटलं, त्याला सांगा, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी बायको आजारी होती. — नाही. नव्हती आजारी. दमलो होतो मी, कंटाळा आला, पडून राहिलो. घरात त्याला ठेवायचं कुठे, पुन्हा ती टकटक, मुलीच्या सासरचे येतात-जातात, हे सगळं डोक्यात होतं आणि वर पांघरूण घेतलं होतं. दुपारी फोन वाजला तो मी उचलला नाही. तिसऱ्या रविवारी गेलो.

फाटकाशी कुणी नव्हतं. खोलीत होता, भिंतीकडे तोंड करून. पिशवी रिकामी, घडी घालून उशाखाली. मी हाक मारली नाही. त्याच्या पलंगाची दांडी लाकडी आहे, तिच्यावर पेराने — ठक-ठक-ठक. आणि थांबलो. काही नाही. परत तीन. काही नाही. त्याचे हात मांडीवर पालथे पडलेले. मधल्या बोटाच्या पेरावर एक गाठ आहे अजून, जुनी. ती तेव्हाच बघितली मी पहिल्यांदा, एवढ्या वर्षांत. चौदा महिने झाले साहेब याला. एक रविवार चुकवलेला नाही, ताप असला तरी जातो. तीन मारतो आणि थांबतो. मावशी म्हणतात, मिस्त्री, तुम्हीच मारून टाका की चौथा, किती वेळ असे बसून राहणार? कसा मारू? तो त्याचा आहे.

घरी का आणत नाही म्हणता? गेलो होतो ना आणायला. गाडी घेऊन, मुलीलाही घेऊन. मागची खोली रंगवली, पेटी होती ती परत भिंतीशी लावली. फाटकापर्यंत आला, आणि आतल्या बाजूला उभा राहिला. पाऊल उचलेना. मुलगी म्हणाली, काका, चला ना, रडायला लागली. तो जमिनीकडे बघत उभा. आता काय, ओढून आणू? एकदा ओढून नेलं होतं, तेवढं पुरे. — ताईला सांगू नका हं हे. ती विचारते अधूनमधून, काका, कसे आहेत तुमचे भाऊ? मी म्हणतो, मजेत, टकटक चालूच. ती हसते. तिला तेवढंच माहीत असू दे.

कुठे निघालात? चहाला? आत्ता? अहो, भिंतीवर दहा मिनिटं बाकी दिसतायत म्हणून का? सांगितलं ना, त्याचं काही खरं नाही! हातातलं बघा. मूठ उघडा. तिचं घड्याळ. किती झालेत? — चार अठ्ठावन्न. बघा. राहू द्या तो चहा, उभे राहा असे दाराशी. ताई काही म्हणणार नाही, मी बघतो. किल्ल्या ठेवा इथे, पायरीवर. मोबाइल. पट्टा काढा, बक्कल धातूचं आहे. लाजता काय, इथे सगळेच काढतात. खोटं मशीन आहे म्हणून काय झालं? तिला तुम्हीच सांगितलंय ना, धातू आत न्यायचा नाही. मग नाही न्यायचा. घड्याळ द्या माझ्याकडे, मी बघतो सेकंद.

आत गेल्यावर बोलू नका काही. हाक मारू नका, हात लावू नका, आणि ती तुमच्याकडे वळेल अशी वाट बघू नका — तिला हलायचं नाहीये, काम चाललंय तिचं. नुसतं दार उघडा आणि उभे राहा. मघाशी म्हटलं ना, तिच्या तोंडावर आरसा आहे, आणि अधिकचं चिन्ह दाराला आहे, आतून. अर्धा तास झाला, ती दुसरं काही बघतच नाहीये साहेब. दाराकडेच बघतेय.

चाळीस सेकंद. अजून नाही, थांबा — आधी गेलात तरी चुकलंच. वीस. ऐका, आवाज बंद झाला आतला. माझ्याकडे नका बघू. दहा. हात कडीवर ठेवा, हळू उघडा, मी तेल घातलंय, वाजणार नाही. — हं. जा.